आमच्या गाडीचा लाल दिवा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परवा पुण्याच्या वन्संनी फोन करून "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं, तेव्हा म्हटलं आता खुलासा करायलाच हवा. माझी तब्येत उत्तम आहे. आजारी होती ती आमची पद्मिनी. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ साली उतरले, पण आमच्या गाडीत मात्र तो अगदी आत्ताआत्तापर्यंत लागत होता!

नवीन वाचकांसाठी सांगते. पद्मिनी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १९८६ सालची. मूळची इटलीची फियाट ११००, आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. इंजिन १०८९ सीसीचं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. ती बातमी आमच्या ह्यांनी फारच मनाला लावून घेतली. "आपली तरी चालू राहिली पाहिजे," म्हणाले, आणि इंजिन करायचं ठरलं. इंजिन 'करणं' म्हणजे पूर्ण खोलून, सिलिंडर बोअर करून, क्रँक घासून, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगं घालून पुन्हा बांधणं. दोघांच्या पेन्शनीतून थोडे थोडे करत पैसे जमवले.

काम दिलं माझ्याच एका विद्यार्थ्याला. आठवीत माझ्या वर्गात होता, आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. क्रँक त्याने उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून घासून आणला.

इंजिन सुरू झालं. आवाज गोड. आणि चौथ्या दिवशी, गाडी चांगली तापलेली असताना सिग्नलला थांबलो, तर ऑईलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. रेस केलं की विझे, सोडलं की पुन्हा लागे.

मी गॅरेजला फोन लावला. "बाई, आहे तिथेच बंद करा. अजिबात चालवू नका, मी येतो," एवढंच म्हणाला.

आता हा दिवा म्हणजे काय, हे मला त्या निमित्ताने नीट समजलं. क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो, पण दोन्ही धातू एकमेकांना टेकायचे नसतात. मधे ऑईलचा पातळसा थर असतो, त्यावर क्रँक तरंगत फिरतो. ऑईल पोचलं नाही तर धातूला धातू घासतो, बेअरिंग जळतं आणि इंजिन जाम होतं. ते मिनिटांचं काम असतं.

मला वाटत होतं की प्रेशर पंप तयार करतो. तो म्हणाला, "नाही बाई, पंप फक्त ऑईल ढकलतो. प्रेशर येतं ते पुढे अडवणूक असते म्हणून." बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं, काढला की नुसतं ओघळतं, तसंच. बेअरिंगमधली बारीक फट हा तो अंगठा. फट वाढली की प्रेशर पडतं. शिवाय ऑईल तुपासारखं, गार असताना दाट आणि तापलं की पातळ. म्हणून सकाळी दिवा लागत नाही, दुपारी लागतो.

मग तपासणी सुरू झाली, स्वस्तापासून महागाकडे. आधी डिपस्टिक. ऑईल पुरेसं होतं. मग साक्षीदाराचीच तपासणी, म्हणजे दिव्याचा स्विच खरं बोलतो आहे का? साधारण पाच-सात पौंडांच्या खाली प्रेशर गेलं की हा स्विच दिवा लावतो, पण तो बिघडलेलाही असू शकतो. तो काढून तिथे काट्याचं मीटर लावलं. गार असताना ५० पौंड. तापल्यावर, नुसतं चालू ठेवलं तर ६. रेस केल्यावर जेमतेम १५. दर हजार फेऱ्यांना दहा पौंड असा एक जुना आडाखा आहे, त्यात हे बसत नव्हतं. दिवा खरं बोलत होता.

रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकून उघडा राहिला असता तर गारपणीही प्रेशर मिळालं नसतं. म्हणून संशय पंपावर किंवा बेअरिंगांवर. दोन्हींसाठी चेंबर उतरवायला हवा.

इथे खरी अडचण होती. तोपर्यंत सल्ला द्यायला चार माणसं जमली होती. "जाड ऑईल टाक की! दिवा विझला की गिऱ्हाईक खूश." आणि खरंच, दिवा विझला असता. त्याच्या दारात पाच गाड्या उभ्या होत्या. महिन्याभरापूर्वी बांधलेलं इंजिन पुन्हा खोललं तर गावभर काय बोललं जाईल, हे त्याला कळत होतं. मला तर काहीच कळलं नसतं.

तो जरा वेळ मीटरकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, खोलतो."

मी आयुष्यभर पेपर तपासले. बत्तिसाचे पस्तीस करून मुलाला वर ढकलता येतं, पण त्याने मार्क वाढतात, अभ्यास वाढत नाही. जाड ऑईलचं तेच. फट तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते.

चेंबर उतरला. पंपाची दातेरी चक्रं फिलर गेजने तपासली, ठीक होती. जाळी स्वच्छ. मग बेअरिंगच्या टोप्या काढून आत प्लास्टिगेजचा मेणासारखा बारीक दोरा ठेवला आणि टोप्या पुन्हा मापात आवळल्या. दोरा चपटा होतो, तो किती रुंदावला यावरून फट कळते. दोन इंचाच्या जर्नलला साधारण दोन थाऊ फट चालते, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बाकी सगळीकडे दोन-सव्वादोन निघाली. मधल्या मेन बेअरिंगला चार!

दोन थाऊ म्हणजे केसापेक्षाही बारीक. एवढ्याने काय होतं, मी विचारलं. पण फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. मधलं जर्नल जास्त घासलं गेलं होतं. वर्कशॉपवाले ऐकायला तयार नव्हते. याने वाद घातला नाही. "पहिल्याच वेळी दोरा ठेवून बघायला पाहिजे होता मी. त्यांच्या मापावर विसंबलो," म्हणाला. चार माणसांसमोर म्हणाला.

क्रँक दुसरीकडे नेऊन सगळी मेन जर्नल्स वीसवरून तीस थाऊवर घासली, नवीन बेअरिंगं आणली. त्याने मजुरी घेतली नाही, घासणावळ आणि सामान मी हट्टाने दिलं. आता तापल्यावर नुसत्या चालू इंजिनाला १८ पौंड आणि रेस केल्यावर ४५. ऑईल पूर्वीचंच, २०डब्ल्यू-४०.

ते मीटर ह्यांनी कायमचं बसवून घेतलं आहे, आणि रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघतात. असो. तुमच्या गाडीत हा दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका, तिथेच बंद करा. आणि वन्सं, दिवाळीला पद्मिनीनेच येतोय. मीटर बघायचं काम तुमच्या भावाकडे, गाडी मी चालवणार.