योग्यता

संगणकशास्त्र शिकविणाऱ्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी जावा या भाषेतील एक अडचण मला समजावून सांगितली. तेव्हापासून वर्गात लक्षणा शिकविताना ती आठवल्यावाचून राहत नाही.

या भाषेत प्रत्येक वस्तूला नेमून दिलेली कामे असतात. त्यांना मेथड म्हणतात. मेथडला लागणारी सामग्री म्हणजे पॅरामीटर. ही सामग्री कोणत्या प्रकारची हवी, पूर्णांक की मजकूर, हे आधीच घोषित केलेले असते. प्रोग्रॅम लिहितानाच मेथडला थेट हाक मारली, तर कंपायलर मध्यस्थी करतो: ‘इंट’ मागितला असता ‘इंटिजर’ दिला, तरी तो सांभाळून घेतो. कधी कधी मात्र कोणती मेथड बोलवायची हे प्रोग्रॅम चालू असतानाच ठरते. तेव्हा रिफ्लेक्शनच्या वाटेने, नाव आणि पॅरामीटरचे प्रकार सांगून, ती शोधावी लागते. येथे मध्यस्थ नाही. ‘इंट’ घेणारी मेथड ‘इंटिजर’ सांगून शोधली, तर ‘अशी मेथडच नाही’ असे उत्तर येते. एकदा ती सापडली, की प्रत्यक्ष सामग्री देताना यंत्र थोडे मऊ होते आणि ‘इंटिजर’मधला ‘इंट’ आपणहून काढून घेते. पण पूर्णांकाच्या जागी मजकूर दिला, तर काम तिथेच थांबते.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी लागतात, असे अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सांगितले आहे. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात क्रियापदाची आकांक्षा पुरी होते, पदेही जवळजवळ आहेत. तरी अर्थ लागत नाही, कारण शिंपण्याच्या क्रियेला द्रव हवा. योग्यता नाही. नैयायिकाचा निर्णय येथे यंत्रासारखाच आहे.

काव्यशास्त्र मात्र याच ठिकाणी थांबत नाही. मम्मटाच्या मते मुख्यार्थाला बाध येणे ही लक्षणेची पहिली अट. जिथे यंत्र काम सोडते, तिथे काव्याचे काम सुरू होते. पण पुढच्या अटीही तितक्याच महत्त्वाच्या: लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध हवा, आणि रूढी किंवा प्रयोजन हवे.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) नेवासे आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी तेथे सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलांचे रसाळपण वर्णिताना ऐकणाऱ्यांच्या कानांनाच जिभा फुटतात. कानाची घोषित सामग्री ध्वनी. दिली जाते चव. प्रकार जुळत नाही. तरी वाक्य कोसळत नाही, कारण ‘रस’ हा शब्द जिभेचाही आहे आणि काव्याचाही. त्या दुव्यावरून अर्थ पलीकडे पोचतो.

हे शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, कानाला जीभ कशी फुटेल?’’ वर्ग हसला. मला मात्र तो त्या तासाचा सर्वांत चांगला प्रश्न वाटला. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ओळ निमूटपणे उतरवून घेतली होती. त्यांना काही खटकलेच नव्हते. गाइडमधून ‘येथे सुंदर कल्पना आहे’ एवढे वाक्य पाठ केले, की उत्तरपत्रिका भरते. कवितेत काहीही चालते, ही समजूतही त्याच न खटकण्यातून येते. ज्याला मुख्यार्थाचा बाध जाणवत नाही, त्याच्यापुढे लक्ष्यार्थाचे दार उघडणार कसे?

व्याकरण आणि काव्य हे दोन वेगळे पेपर आहेत, असे आपण विद्यार्थ्यांना नकळत शिकवून बसलो आहोत. वास्तविक क्रियापद काय मागते हे ठाऊक असलेल्यालाच, कवीने त्याला काय दिले हे कळते. यंत्राचा काटेकोरपणा वाचकाला पुरेसा नाही, पण तो त्याला सोडूनही चालत नाही. त्या मुलीला मी उत्तर लगेच दिले नाही; दोन्ही ठिकाणी चालणारा शब्द शोध, एवढेच सांगितले. तास संपण्यापूर्वी तिने तो शोधला.