आधी गळती, मग पॅनेल

घरदुरुस्तीचं पर्यावरणपूरक नियोजन करून देणाऱ्या संकेतस्थळाचा आराखडा मांडतेय. पहिला प्रश्न कोणता विचारावा? लोकांना आधी सौर पॅनेलच हवं असतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हे तोंडपाठ असतं. पण गच्चीच गळत असेल तर? नंतर वॉटरप्रूफिंगसाठी सगळं उचकटावं लागेल. म्हणून क्रम असा: आधी गळती, मग पश्चिमेच्या भिंतीला सावली, गच्चीला पांढरा लेप, ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी तीसेक वॉटचे बीएलडीसी पंखे. विजेची गरज घटली की पॅनेलही कमी लागतात. एक सूचना मात्र ठळक अक्षरांत हवी: जे धड आहे, ते तोडू नका. कंत्राटदार नाराज होतील. होऊ देत! नवी फरशी कितीही पर्यावरणस्नेही असली, तरी जुनीचा राडारोडा कुठेतरी पडणारच ना?