पाणपट्टी

आमच्या पिढीने डिंकाची चव चाखलेली आहे. पोस्टाचे तिकीट घ्यावे, कोणी पाहत नाही असे बघून जिभेवरून फिरवावे आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबावे, हा त्या वेळचा सर्रास रिवाज होता. पोस्टाच्या खिडकीपाशी एका वाटीत स्पंज असे, नाही असे नाही. पण तो इतका वाळलेला असे की त्याला पाणी पाजावे की माणसाने स्वतः प्यावे असा प्रश्न पडे. १८४० साली इंग्लंडात पहिले तिकीट निघाले, तेव्हापासून त्याच्या पाठीला डिंक आहे. आपल्याकडे १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि पुढे तिकिटे तिथे छापली जाऊ लागली. म्हणजे आम्ही चाटला तो डिंक निदान नाशिकचा होता, एवढे समाधान.

हे सारे आठवायचे कारण, गेल्या हिवाळ्यात मी एका चिकटपट्टीच्या नादी लागलो. आपल्या नेहमीच्या ओळखीची ती प्लॅस्टिकची पट्टी नव्हे. तिचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू नावाच्या माणसाने १९२५ मध्ये रंगाऱ्यांसाठी एक कागदी पट्टी काढली आणि १९३० मध्ये पारदर्शक. दोन वर्षांनी त्याच कंपनीतल्या जॉन बोर्डेन यांनी तिच्यासाठी पाते बसवलेले मेजावरचे यंत्र केले. तेच आज प्रत्येक कचेरीत टेबलाच्या कोपऱ्यावर धूळ खात बसलेले असते. त्या पट्टीला पाणी लागत नाही, म्हणून त्या यंत्रात विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. रीळ फिरले पाहिजे, पात्याला धार पाहिजे आणि ओढताना यंत्र मागोमाग चालत येता कामा नये, एवढे जमले की झाले.

मी म्हणतो ती पट्टी जाड तपकिरी कागदाची असते. तिच्या एका अंगाला स्टार्चचा सुकवलेला लेप असतो. कोरडी असताना ती कशालाच चिकटत नाही. पाणी लागले की जागी होते. पाण्याने चिकटते म्हणून तिला ‘पाणपट्टी’ म्हणावे असे माझ्या मनात आले होते. पण हा शब्द ग्रामपंचायतीने आधीच अडवून ठेवला आहे, आणि त्या पट्टीने माणूस चिकटत नाही, नुसता ओला होतो.

आता मी पुण्यातला निवृत्त माणूस, कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगे करण्यात जन्म गेला; मला खोकी बांधायच्या पट्टीचे काय पडले होते? पडले होते ते नरडाण्याच्या वहिनींमुळे.

नरडाणा हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडे तालुक्यातले आमचे गाव. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे स्टेशन, आणि मुंबई-आग्रा रस्ताही इथूनच पुढे तापी ओलांडून शिरपूरकडे जातो. अलीकडे तिथे एमआयडीसी झाली आहे, मालमोटारींची रांग असते, आणि चैत्र-वैशाखात ऊन असे पडते की सावलीसुद्धा सावली शोधते. माझे थोरले चुलतभाऊ तिथे धान्याचा व्यापार करीत. ते गेल्यावर वहिनींनी दुकान मोडले, वजने-काटे अडगळीत टाकले, आणि बिबडे करायला घेतले.

ज्यांचा खानदेशाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिबडे हा ज्वारीचा पापड. ज्वारीची कणी शिजवून, तिखट-मीठ-तीळ घालून, ओल्या धोतरावर किंवा जुन्या लुगड्यावर हाताने पातळ थापायचे आणि उन्हात वाळवायचे. तळले की कुरकुरीत, आणि न तळता नुसते चुलीच्या धगीवर भाजले तरी कुरकुरीत. सुरत, पुणे, मुंबई, जिथे जिथे खानदेशी माणूस पोटामागे गेला, तिथे तिथे त्याच्या जिभेला वर्षातून एकदा तरी हे आठवतेच. वहिनींकडे चार बायका कामाला. माल पुठ्ठ्याच्या खोक्यातून कुरियरने जातो.

आणि तिथेच सारे बिघडले होते. खोकी वाटेत उघडत. पुठ्ठा स्वस्तातला, पुन्हा पुन्हा लगदा केलेल्या कागदाचा. त्याच्या अंगावर बारीक भुसा असतो, त्यात नरडाण्याची धूळ. प्लॅस्टिकची पट्टी त्या धुळीला चिकटते, खोक्याला नाही. वरून बिबड्यांचे खोके गच्च भरलेले, झाकणाच्या पाकळ्या आतून वर रेटतात. पट्टी ताणते, हळूहळू सुटते. कधी कोणी वाटेत उघडून, चार पुडे काढून, वरून दुसरी पट्टी लावून देई, आणि ते कोणाला सिद्ध करता येत नसे. दिवाळीच्या चाळीस खोक्यांतली अकरा फुटून किंवा हलकी होऊन पोहोचली. वहिनींनी अकराही जणांचे पैसे परत केले.

सुरतेला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, पुरे झाले. इकडे ये.” मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, त्यामुळे नाही म्हणायला वहिनींजवळ काही कारण नव्हते. चार बायकांचे काय, हे कारण मुलाला पटण्यासारखे नव्हते. “आखाजीपर्यंत बघते,” एवढे बोलून त्यांनी वेळ मारून नेली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला खानदेशात लेकी माहेरी येतात, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे माहेरचे खोके जाते. वहिनींचा मोठा हंगाम तोच.

मी मुंबईहून पाण्याच्या पट्टीची चार रिळे मागवली आणि पहिल्या गाडीने गेलो.

पट्टीबद्दल माझी खात्री होती. पाणी मिळाले की स्टार्च फुगतो, ओलाव्याबरोबर पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरतो, आणि वाळला की पट्टी व खोके हे वेगळे राहतच नाहीत. काढू गेलात तर पुठ्ठ्याचे कातडे सोलून निघते. म्हणजे चोराला चोरी लपवता येत नाही. पुठ्ठ्याची नागमोडी घडी आणि तिच्यावरचे सपाट कागद हेही कारखान्यात स्टार्चच्याच खळीने चिकटवलेले असतात, तेव्हा ही सोयरीक एकाच कुळातली. मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना नरडाण्याच्या जवळच दोंडाईच्याला आहे. वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मक्याची खळच ना भाऊजी? मग एवढे काय त्यात!”

त्यात असते ते पाणी. पट्टीला पाणी कमी लागले तर कोरडे ठिपके राहतात आणि तिथून ती उचकटते. जास्त लागले तर लेपच धुऊन जातो आणि पट्टी खोक्यावर मासोळीसारखी सरकते. हाताने स्पंज फिरवून चार खोकी नीट होतात, पाचवे नाही. माणसाचा हात थकतो, आणि थकलेला हात पाण्याच्या बाबतीत उदार होतो. बाजारात विजेची यंत्रे मिळतात. ती बटण दाबताच मापाची पट्टी कापून, भिजवून बाहेर देतात. पाणी कोमट ठेवायची सोयही त्यांत असते. पण त्यांची किंमत ऐकून वहिनी हसल्या, आणि तेवढ्यात वीज गेली. मेजावर ठेवायचे हाताचे साधे यंत्र करायचे ठरले.

“मेज कुठे आहे इथे?” वहिनींनी विचारले.

खरेच नव्हते. चारी बायका जमिनीवर, पाटावर बसून काम करीत. ड्रॉइंगमध्ये उंचीचा आकडा मी कोराच ठेवला होता. तो त्यांनी भरला. चौरंगाची उंची. बसल्या माणसाच्या कोपरापेक्षा चार बोटे खाली.

धुळ्याच्या एका मिस्तरीकडून मी पत्र्याचा सांगाडा करून घेतला. यंत्र जागचे हलू नये म्हणून वजन पाहिजे होते. अडगळीतून दादांचे दहा किलोचे लोखंडी वजन निघाले आणि ते तळाला बसले. वहिनींनी ते आधी कपड्याने पुसले, मग बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मी पाने शोधायला आत गेलो. नटबोल्टची पाने खिशातच होती.

रचना साधीच आहे. रीळ मागे. त्याच्यापुढे दातेरी पाते. पट्टी कोरडी असतानाच मापाने ओढून तोडायची, कारण ओला कागद वेडावाकडा फाटतो आणि ओले टोक पत्र्याला चिकटून बसते. मग तोडलेला तुकडा लेपाची बाजू खाली करून कुंचल्यावर टेकवायचा, वरची झडप डाव्या हाताने मिटायची आणि उजव्या हाताने तुकडा ओढून घ्यायचा. कुंचला तीन इंच रुंद, पट्टीच्या रुंदीएवढा. त्याचे केस खाली पाण्याच्या पन्हाळीत बुडालेले. केसांतून पाणी आपोआप वर चढते, जसे दिव्याच्या वातीतून तेल.

पण पन्हाळीतले पाणी जसजसे उतरेल तसतसा कुंचला कोरडा पडणार, आणि नरडाण्याच्या हवेत पाणी उतरायला वेळ लागत नाही. ती युक्ती मी कोंबड्यांकडून घेतली. पोल्ट्रीत पाण्याचे भांडे उलटे ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. बाटलीचे तोंड पाण्यात बुडलेले असेपर्यंत आतले पाणी थांबते; पातळी तोंडाच्या खाली गेली की हवेचा एक बुडबुडा आत शिरतो आणि त्याच्या बदली थोडे पाणी खाली येते. पातळी दिवसभर तीच. शिवाय बाटली एका स्क्रूवर वर-खाली होईल अशी बसवली. बाटली वर तर पाणी जास्त, खाली तर कमी. सारे यंत्र म्हणजे हा एक स्क्रू, बाकी सगळा पत्रा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता स्क्रू किती फिरवायचा? मी सोनाराकडचा बारीक काटा आणवला. एक फूट पट्टी कोरडी तोलायची, ओली तोलायची, वजाबाकी वहीत मांडायची. तुकडा हळू ओढला की पाणी जास्त, झटक्यात ओढला की कमी. म्हणून ओढायच्या वेगाचाही एक रकाना. माझी वही भरत होती. वहिनी अंगणात बिबडे सोडवत बसल्या होत्या.

हे सोडवणे पाहण्यासारखे असते. वाळलेले बिबडे कापडाला घट्ट धरून बसतात. ओढले तर तुटतात. म्हणून कापड उलटे करून मागून पाण्याचा हबका मारायचा आणि थोडे थांबायचे. पाणी कमी पडले तर बिबडा फाटतो, जास्त झाले तर पुन्हा पीठ. वहिनी पाण्यात बुडवलेली बोटे झटकत, चार श्वास थांबत, कापडाच्या पाठीला बोटाची मागची बाजू लावत आणि अख्खा बिबडा अलगद हातात घेत. ज्वारीचा स्टार्च आणि पाणी. पन्नास वर्षे ही बाई तेच तोलत आली होती, काटा न आणता.

मी पट्टीचा ओला तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बोट उलटे करून लावले. “जास्त आहे.” स्क्रू खाली. “अजून.” स्क्रू खाली. “आता थोडे वर घ्या... हां. पाणी दिसायला नको, बोटाला मात्र कळायला हवे.” मी तो तुकडा तोलला आणि वहीत पाहिले. दोन दिवसांच्या आकड्यांतून मी जिथे येऊन पोहोचत होतो, तिथेच त्या एका घटकेत येऊन बसल्या होत्या. स्क्रूवर मी तांबड्या रंगाची खूण केली.

थंडीत सकाळी पाणी गार असले की पट्टी धरायला वेळ लावते, हे त्यांच्याच लक्षात आले. त्यावर बाटलीत बंबातले तांब्याभर कढत पाणी हा उपायही त्यांचाच. परदेशी यंत्रांत याच कामाला विजेची तार असते. बोअरचे पाणी जड, त्याचे पांढरे पुट कुंचल्यावर चढते. त्याला आठवड्यातून एकदा लिंबू. पावसाळ्यात हवेच्या ओलीने रीळच आपल्याआपल्यात चिकटेल, म्हणून ते बिबड्यांच्याच हवाबंद डब्यात. माझ्या ड्रॉइंगवर आता या सूचना त्यांच्या शब्दांत लिहिलेल्या आहेत.

आखाजीच्या आधी चाळीस खोकी गेली. मध्यावर एकच पट्टी, दोन्ही टोके चार-चार बोटे खाली दुमडलेली, आणि वरून ओल्या फडक्याने नव्हे तर कोरड्या हाताने दाबलेली. त्या दहा दिवसांत वहिनींचा फोन वाजला की अंगणातल्या चारही बायकांचे हात थांबत. एकोणचाळीस खोकी जशी निघाली तशी पोहोचली. चाळिसाव्याचा कोपरा चेपला होता आणि पट्टी कोणीतरी उचकटून पाहिलेली दिसत होती. पुठ्ठा सोलवटून निघाला होता, तिथेच त्याने नाद सोडला असावा. आतले पुडे बरोबर होते.

एक खोके सुरतेला गेले होते. मुलाचा फोन आला तेव्हा मी समोरच बसलो होतो. “आई, हे उघडायचे कसे? शेवटी विळीने कापले.” वहिनींना हसू आवरेना. पण लगेच तो म्हणाला, “ते ठीक आहे, पण तू येणार कधी?” त्यावर त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, “दिवाळीची खोकी जाऊ देत.” त्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितले की चौघींतली एक डावखुरी आहे, झडप मिटताना तिचे मनगट दुखते. “तिच्यासाठी दुसरे करा भाऊजी, उलट्या बाजूचे. वजन मी काढून ठेवते, पाच-पाच किलोची दोन आहेत अजून.”

दुसऱ्याचे ड्रॉइंग परवाच मिस्तरीकडे धाडले.