वाशीच्या बाजारात किल्ली हरवली!

गेल्या वैशाखात मेहुण्यांचा टोमॅटो नारायणगावहून वाशीला निघाला. टेम्पोमागे माझी गाडी, तीत सौ. आणि सासूबाई. "चाळीस वर्षं माल धाडते, बाजार काही बघितला नाही," हा त्यांचा हट्ट. आधी माल भायखळ्याला जाई. १९९६ साली भाजीबाजार वाशीला आला.

पहाटे गाडी बाहेर लावून आत शिरलो. दिव्यांच्या उजेडात क्रेटची थप्पी, डोक्यावर ओझं घेऊन धावणारे माथाडी, गाळ्यागाळ्यावर भावाची घासाघीस. सासूबाई डोळे भरून पाहत होत्या. मी खात्याच्या सवयीने वाकून टोमॅटो निरखत होतो.

पट्टी हाती पडली, उजाडलं, परत गाडीशी आलो तर खिशात किल्ली नाही! सासूबाईंची साखरेची गोळी आणि शिदोरी गाडीत बंद. गोळीशिवाय त्या घास घेईनात. घामाने माझा सदरा भिजला.

एक किल्लीवाला भेटला. म्हणाला, "दार उघडून देतो, पण गाडी चालू व्हायची नाही. तुमच्या किल्लीत चिप आहे. तशी दुसरी कागदपत्रं दाखवून कंपनीच्या माणसाकडूनच करावी लागेल." जोडकिल्ली होती, पण घरच्या कपाटात!

त्याने दार उघडलं, गोळी मिळाली. दोन घास खाऊन सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, धावू नका. वाकला कुठे होतात, ते आठवा."

उलट पावली त्याच गाळ्यावर गेलो. एका माथाड्याने रिकामे क्रेट बाजूला केले आणि तळाशी किल्ली चमकली. पैसे देऊ केले तर त्याने हात जोडले. तो साताऱ्याकडचा, घरी दोन एकर कोरडवाहू. म्हणाला, "आजींचाच माल वाहतो की आम्ही. पाऊस कसा म्हणतोय तिकडं?"

वाटेत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपला क्रेट कुणाच्या डोक्यावरनं जातो, ते आज कळलं. पुढल्या खेपेला क्रेट बेताने भरा."

वाचकहो, परगावी निघताना जोडकिल्ली बरोबरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या. किल्ली गोफात ओवून करगोट्याला किंवा गळ्यात बांधा. आणि औषध गाडीत नको, अंगावरच्या पिशवीत ठेवा. किल्ली उशिरा सापडली तर चालते, गोळी उशिरा मिळून चालत नाही.