लॅम्बेथमधली माळ्यांची कबर

लंडनला जाऊन आलेले आपले लोक टॉवर ब्रिज, बकिंगहॅमचा राजवाडा आणि मेणाचे पुतळे यांच्या गोष्टी सांगतात. पार्लमेंटच्या समोरच्या काठावर, नदीला लागूनच, कॅन्टरबरीच्या आर्चबिशपांचा लॅम्बेथ पॅलेस आहे. त्याच्या भिंतीशी एक जुने चर्च उभे आहे, तिकडे फार कोणी वळत नाही. भाचीच्या आग्रहाने मी गेले. आत प्रार्थना होत नाही. आत आहेत फावडी, कुदळी, झाऱ्या, बियांच्या जुन्या जाहिराती, बागांची चित्रे. हे गार्डन म्युझियम, म्हणजे इंग्रजांच्या बागकामाचे संग्रहालय.

हे चर्च 1972 साली बंद झाले आणि पाडले जाणार होते. ते वाचले एका कबरीमुळे. जॉन ट्रेडस्कंट नावाचे बाप आणि मुलगा, दोघेही पेशाने माळी, येथे दफन आहेत. त्यांची कबर शोधत आलेल्या रोझमेरी निकल्सन यांनी पतीच्या साथीने मोहीम उभारली आणि 1977 मध्ये संग्रहालय सुरू झाले. बादशहांच्या मकबऱ्यांनी इमारती वाचल्याचे आपण ऐकतो. माळ्याच्या कबरीने वाचलेली मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

थोरला जॉन सरदारांच्या आणि पुढे राजा पहिला चार्ल्स याच्या बागा सांभाळत असे. मालकाच्या पैशाने तो रोपे आणायला देशोदेशी फिरला. 1611 मध्ये त्याने हॉलंडमधल्या हार्लेमहून 800 ट्यूलिपचे कंद विकत घेतले. 1618 मध्ये तो रशियाला गेला. 1620-21 मध्ये तर अल्जीयर्सच्या चाच्यांविरुद्ध निघालेल्या आरमारी मोहिमेत सामील झाला आणि परतताना तिकडचा जर्दाळू घेऊन आला! मुलगा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जाऊन आला. आपल्याकडे कुंडीत वाढणाऱ्या जांभळ्या पानांच्या एका वेलीचे शास्त्रीय नाव ट्रेडस्कँशिया आहे, ते यांच्यावरूनच.

उर्दू शिकवणाऱ्याला या बागेत फार मौज वाटते. इंग्रजी 'ट्यूलिप' हा शब्द पगडी या अर्थाच्या 'दुल्बंद'वरून आला. 'अ‍ॅप्रिकॉट'च्या मुळाशी अरबी 'अल-बरकूक' आहे. 'लायलॅक' फारसी आहे. ट्यूलिपचे आपले नाव लाला. उस्मानी तुर्कांच्या लिपीत लाले, अल्लाह आणि हिलाल हे तिन्ही शब्द त्याच अक्षरांनी लिहिले जातात, म्हणून इस्तंबूलच्या मशिदींतल्या रंगीत फरश्यांवर हे फूल इतक्या प्रेमाने काढलेले दिसते. ज्याला आपण अस्सल इंग्रजी बाग म्हणतो, तिच्यातली कितीतरी फुले अशी परदेशातून आली.

अवजारांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. अंगठ्याने चालणारी एक मातीची झारी आहे. तळाला चाळणीसारखी भोके, वर अरुंद तोंडाला एकच छिद्र. ती पाण्यात बुडवायची, वरच्या छिद्रावर अंगठा दाबून उचलायची. अंगठा काढला की पाणी रोपावर झिरपते. हवेच्या दाबाचा धडा शिकवताना याहून सोपे साधन मिळणार नाही. थंडीत रोपांवर ठेवायची घंटेच्या आकाराची काचेची झाकणे आहेत. आणि काकडी सरळ वाढावी म्हणून तिच्यावर चढवायची काचेची नळी! वाकडी काकडी साहेबाच्या टेबलावर शोभत नसे.

हिरवळ कापायला पूर्वी मजूर लांब दांड्याचे विळे घेऊन पहाटे, दंव असतानाच कामाला लागत, कारण ओले गवत नीट कापले जाते. 1830 मध्ये एडविन बडिंग याने कापड गिरणीतले लव कातरायचे यंत्र पाहून गवत कापायचे यंत्र बनवले. बडिंगचे नाव राहिले. विळेवाल्यांचे कोणाचेच नाव राहिले नाही.

चित्रांचे म्हणाल तर हम्फ्री रेप्टन याची युक्ती कळण्यासारखी आहे. तो जमीनदाराला चित्रांची वही देई. चित्रावर कागदाची झडप असे. झडप मिटलेली असताना जागा आज कशी आहे ते दिसे, उचलली की बाग झाल्यावर कशी दिसेल ते. 1816 च्या पुस्तकात त्याने स्वतःच्या घरासमोरचे दृश्य असेच दाखवले आहे. आधीच्या चित्रात कुंपणाशी एक भिकारी उभा आहे, पलीकडे खाटकाचे दुकान आहे. झडप उचलली की फुले आणि झुडपे येतात. भिकारी नाहीसा, दुकान झाकलेले. या माणसाचा हात सुंदर होता, पण ते चित्र मला काही आवडले नाही.

ट्रेडस्कंट बापलेकांनी रोपांबरोबर शंख, नाणी, पक्षी, शस्त्रे अशा अजब वस्तूही जमवल्या होत्या. लोक पैसे देऊन त्या पाहत. 1656 मध्ये धाकट्या जॉनने त्यांची छापील यादी काढली, तिच्यात बागेतल्या रोपांचीही नोंद आहे. यादी करायला मदत करणारा विद्वान इलायस अ‍ॅशमोल याने पुढे हा सारा संग्रह दानपत्राने आपल्या नावावर करून घेतला. धाकट्या जॉनने मात्र शेवटच्या मृत्युपत्रात तो पत्नी हेस्टर हिला दिला होता. तिच्यानंतर तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला जायचा होता. 1662 मध्ये तो वारला. अ‍ॅशमोल कोर्टात गेला आणि जिंकला. नंतर तो हेस्टरच्या शेजारच्याच घरात राहायला आला. 1676 मध्ये, आपण त्याची बदनामी केली, असे तिच्याकडून लिहून घेण्यात आले. 1678 च्या एप्रिलमध्ये ती बागेतल्या तळ्यात बुडालेली सापडली.

संग्रह ऑक्सफर्डला गेला आणि 1683 मध्ये तेथे अ‍ॅशमोलियन या नावाने संग्रहालय उघडले. ते नाव आजही आहे. अ‍ॅशमोलची कबर याच चर्चच्या आत आहे. हेस्टर बाहेर, नवरा आणि सासऱ्याच्या शेजारी. ती कबर तिनेच बांधून घेतली होती. आज उभी आहे ती 1853 मध्ये नव्याने घडवलेली. दगडावर झाडे, शंखशिंपले, पडक्या इमारती आणि एक मगर कोरलेली आहे.