ठिपक्यांच्या रेघा

भाचीच्या लॅपटॉपवर तिच्या कंपनीचा तक्ता पाहिला. चौकोन, चौकोनांना जोडणाऱ्या ठसठशीत रेघा; हिच्या चौकोनातून निघालेल्या तेवढ्या ठिपक्याठिपक्यांच्या. "मावशी, ही माणसं माझं काम करतात, पण माझी नाहीत गं." ही प्रॉडक्ट मॅनेजर. डेव्हलपर एका साहेबाचे, टेस्टर दुसऱ्याचे, डिझायनर बंगळुरूची. अप्रेजल त्यांचे साहेब लिहिणार. रिलीज लांबलं की जाब हिला.

मला एकदम इर्जिक आठवली.

आजोळची जमीन काळी, उन्हाळ्यात तापून दगड झालेली. जड लोखंडी नांगराला दोन-तीन जोड्या लागायच्या आणि दावणीला असायची एक. मग आजोबा इर्जिक घालायचे: आदल्या रात्री घरोघर सांगून यायचे. उजाडायच्या आत शेतात नांगरांची रांग. बैल दुसऱ्यांचे, नांगर दुसऱ्यांचे, आसूड ज्याच्या त्याच्या हातात. बैल वळायचे ते धन्याच्या हाळीवर. शेताच्या मालकाला ते कशाला विचारतात! म्हणून कसं हाकायचं हे आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते नुसते पुढे चालायचे. इथं खडक आहे, इथं बुजवलेली विहीर, इकडून बांध सांभाळा. पहिल्या तासाला कुणाची जोडी, एवढं मात्र तेच ठरवायचे, आणि त्यावरून रुसवेफुगवेही व्हायचे. दुपारी आधी बैलांना पेंड, मग माणसांच्या भाकरी. रात्री मटणाचा रस्सा, माळकऱ्यांना पुरणपोळी. मजुरीचं नाव कुणी काढत नसे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या शेतात आजोबांची जोडी सगळ्यांत आधी उभी.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे प्रॉडक्टचा सीईओच, असं सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार बेन हॉरोविट्झ यांनी लिहून ठेवलंय. मला नाही पटत. सीईओला माणूस काढता येतो. भाची टीमला पिझ्झा खिलवते. खिलवू दे, पण हल्ली ती सपोर्टला येणारे फोन तासन्‌तास ऐकत बसते, ते मला जास्त आवडलं. खडक कुठे आहेत ते तिथेच कळतं.

या नोकरीचा मूळपुरुष नील मॅकेलरॉय. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबण सांभाळताना 1931 साली त्याने तीन पानी टिपण लिहिलं: एकेका ब्रँडची जबाबदारी एकेका माणसाकडे द्या. कारखाना आणि विक्री दुसऱ्यांच्याच हातात. हाच साबणवाला 1957 मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने आर्पा ही संरक्षण खात्याची संशोधनसंस्था काढली. स्वतःची एकही प्रयोगशाळा नाही. विद्यापीठांतली, कंपन्यांतली माणसं गाठायची आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. 1969 मधलं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, असंच उभं राहिलं. अर्थात तिजोरी पेंटागॉनची होती. तेवढ्या पैशांत कुणाचेही बैल वळले असते.