हरणं दिसली म्हणजे माळ शाबूत?

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्षी पाहायला जायचं आणि काळविटांचे कळप पाहून परतायचं, असं माझं बरेचदा झालं. (काळविटाची शिंगं चितळ-सांबरासारखी दरवर्षी गळत नाहीत, म्हणून शास्त्र त्याला त्या कुळात धरत नाही, तिकडे मात्र सगळे हरीणच म्हणतात.) तरी मी खट्टू होत नसे. एवढी हरणं आहेत त्याअर्थी माळ शाबूत आहे, पक्षीही असेल कुठेतरी, अशी समजूत घालून घ्यायचो. माळढोक कमी होण्याचं खापर मी शेतकऱ्यांवर फोडून मोकळा झालो होतो. १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आली, जमिनींचे व्यवहार अडले. पुढे ते बरंच आक्रसलं. लोकांची ती अडचण मला तेव्हा किरकोळ वाटायची. जमीन माझी नव्हती.

एकदा बांधावर एक शेतकरी सांगत होते, हरणं ज्वारी खातात, रात्ररात्र राखण करावी लागते. मी ऐकल्यासारखं करत होतो. ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. म्हणाले, "तुमचा पक्षी आन् हे हरीण एका मापानं मोजू नका. हरणाला माळ न्हाई मिळाला तर माझं रान हाय. आन् हरणाला तार आडवी येत न्हाई."

मी वर पाहिलं. रानावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. त्या काही त्या दिवशी आल्या नव्हत्या. फोटो काढताना त्या चौकटीत येऊ नयेत म्हणून मीच कितीदा जागा बदलली होती!

माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तार दिसेस्तोवर वळायला उशीर झालेला असतो. मादी हंगामात बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. काळविटालाही एका वेळी एकच पाडस होतं, पण ते थोड्याच दिवसांत कळपाबरोबर पळतं. हे सगळं मला पाठ होतं. चारचौघांत मी ते ऐटीत सांगायचो. तरी हरणांचा आकडा पक्ष्याच्या खात्यात मांडून निर्धास्त झोपत होतो.

शेतकऱ्यांवरचं खापर मी काढून घेतलं आहे. ते तारांवर फोडावं, तर त्याच विजेवर त्यांची मोटर चालते आणि माझ्या घरातला पंखाही.